तिसऱ्यांदा दिशा बदलण्याआधी आधीच्या दोन प्रयत्नांची झडती घ्या

प्रश्न थोडक्यात असा: सॉफ्टवेअरचा स्टार्टअप, दोन संस्थापक, एकूण सात जणांची टीम. पहिलं उत्पादन व्यायामशाळांसाठी होतं, ते चाललं नाही. दुसरं दवाखान्यांसाठी केलं, तेही रखडलं. आता तिसऱ्या कल्पनेची चर्चा चालू आहे आणि बँकेत १४ महिने पुरतील एवढे पैसे आहेत. पुन्हा पिव्होट करावा (म्हणजे कंपनीची दिशा बदलावी) का, आणि केला तर आतापर्यंतच्या धडपडीतून नेमकं काय हाती घेऊन पुढे जायचं?

तिसरी कल्पना बरी की वाईट हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी हे शोधा की दोन्ही प्रयत्नांत बदललं नाही असं काय होतं. पिव्होट करताना आपण ग्राहक बदलतो, स्क्रीन बदलतो, नाव बदलतो; पण काही गृहीतकं कोणाच्या लक्षात न येता तशीच पुढे येतात. ती कोणी मुद्दाम निवडलेली नसतात, त्यामुळे ती कोणी तपासतही नाही. वारंवार दिशा बदलणाऱ्या कंपन्यांत हे सर्रास दिसतं: तीन उत्पादनं वेगळी, पण तिन्ही एकाच कारणाने बुडालेली.

अशी नेहमी भेटणारी चार गृहीतकं आहेत. एक, छोटा व्यावसायिक स्वतःहून नोंदणी करेल आणि सेटअपही स्वतः करेल. दोन, वापरणाऱ्याला आवडलं की तो आपल्या साहेबाला पैसे द्यायला पटवेल. तीन, फुकट वापरणारे पुढे आपोआप पैसे देऊ लागतील. चार, माणसं आपली जुनी माहिती नव्या प्रणालीत भरून घेतील. व्यायामशाळा आणि दवाखाना या दोन्हींत स्वागतकक्षावरची व्यक्ती वापरणार, मालक पैसे देणार, आणि जुनी नोंदवही कोणीतरी टाइप करणार, अशी रचना असेल, तर दुसरा प्रयत्न हा खरं तर पहिलाच प्रयत्न नव्या कपड्यांत होता.

हे पकडण्यासाठी एक साधी गृहीतकांची वही करा. चार रकाने: काय खरं मानलं होतं, ते कशावरून तपासलं, काय निघालं, कोणत्या तारखेला. दोन्ही उत्पादनांसाठी दोन्ही संस्थापकांनी ती वेगवेगळी लिहावी आणि मग शेजारी ठेवून वाचावी. ‘कशावरून तपासलं’ या रकान्यात जिथे जिथे ‘सगळे म्हणत होते’ किंवा कोरी जागा आहे, तिथे खूण करा. दोन्ही उत्पादनांत खुणा एकाच ओळीवर आल्या, तर तिसऱ्या कल्पनेची पहिली चाचणी तीच. आणि दोघांच्या वह्या जुळत नसतील (बहुधा नाहीच जुळत), तर आधी तो वाद मिटवा. बाजाराला त्यात ओढू नका.

खरोखर पिव्होटच हवा आहे का

‘चालत नाही’ या दोन शब्दांत पाच निरनिराळे आजार दडलेले असतात. लोकांपर्यंत पोचत नाही. पोचतं, पण लोक पहिल्याच दिवशी सोडतात. पहिला आठवडा वापरतात, मग विसरतात. वापरत राहतात, पण पैसे देत नाहीत. पैसे देतात, पण एक ग्राहक मिळवायला आणि सांभाळायला त्याच्याकडून मिळतं त्याहून जास्त जातं. पहिल्यात विक्रीचा मार्ग बदलावा लागतो, दुसऱ्यात सुरुवातीच्या पायऱ्या कमी कराव्या लागतात, चौथ्यात किंमत किंवा खरेदीदार बदलतो. दिशा बदलण्याचं सबळ कारण मुख्यतः तिसऱ्यात असतं, आणि पाचव्यात तेव्हा, जेव्हा किंमत वाढवूनही गणित बसत नाही.

तिसरा आजार ओळखायला कोहॉर्ट तक्ता लागतो, म्हणजे एकाच महिन्यात आलेल्या ग्राहकांच्या गटाचं पुढे काय झालं ते दाखवणारा तक्ता. एक्सेलमध्ये तासाभरात होतो. आडव्या ओळीत कोणत्या महिन्यात आले ते, उभ्या रकान्यांत त्यानंतर कितव्या महिन्यात किती टक्के सक्रिय उरले ते. ‘सक्रिय’ची व्याख्या लॉगिनवरून करू नका, ज्या कामासाठी उत्पादन आहे ते काम झालं का, हे मोजा. दवाखान्याच्या बाबतीत त्या महिन्यात निदान २० अपॉइंटमेंट नोंदल्या का, असं काहीतरी.

समजा जानेवारीत आलेल्या १०० पैकी पुढच्या महिन्यांत ४२, २७, २१, २०, २० उरले. रेषा सपाट झाली. म्हणजे इथे २० जण असे आहेत ज्यांचं याच्यावाचून अडतं. अशा वेळी कंपनी वळवायची नसते. ते २० कोण आहेत, त्यांच्यात काय सारखं आहे, हे शोधून फक्त तसल्यांच्याच मागे जायचं असतं. याउलट ४०, १८, ७, २ अशी उतरंड असेल आणि तीन-चार महिन्यांच्या सगळ्या ओळी तशाच दिसत असतील, तर रंग, बटणं आणि नवी फीचर्स यांनी काही होणार नाही. एक सावधगिरी: एकूण वापरकर्त्यांचा आलेख या दोन्ही स्थितींत वरच जाताना दिसू शकतो, कारण वरून नवे येत असतात. इन्व्हेस्टरला दाखवायच्या सादरीकरणात तोच आलेख असतो, आणि दाखवता दाखवता संस्थापकांचाही त्यावर विश्वास बसतो.

ग्राहक थोडे असतील तर शॉन एलिस या मार्केटिंग तज्ज्ञाची चाचणी जोडीला घ्या. ज्यांनी गेल्या दोन आठवड्यांत निदान दोनदा उत्पादन वापरलं आहे त्यांना एकच विचारायचं: हे उद्यापासून मिळालं नाही तर कसं वाटेल? ‘फार वाईट वाटेल’ म्हणणारे ४० टक्क्यांच्या वर हवेत. या आकड्याची खरी मजा तो फोडून पाहण्यात आहे. सुपरह्यूमन या ईमेल कंपनीत तो सुरुवातीला २२ टक्के होता. ज्यांना ते मनापासून आवडलं होतं त्यांचेच व्यवसाय धरून उरलेल्यांना वगळलं, तेव्हा तोच ३३ वर गेला. मग त्याच गटाच्या अडचणी सोडवत वर्षभराच्या आत ५८ वर नेला. कंपनीची दिशा तीच राहिली, ग्राहकाची व्याख्या मात्र घट्ट झाली. तीस-चाळीस उत्तरांपेक्षा कमी असतील तर टक्केवारी काढू नका, माणसांशी बोला.

आणखी एक नियम पाळण्याजोगा आहे: मोठा ग्राहक गेला, प्रतिस्पर्ध्याला मोठी गुंतवणूक मिळाल्याची बातमी आली किंवा एखाद्या इन्व्हेस्टरने नाक मुरडलं, तर त्यानंतर दोन आठवडे दिशाबदलाचा निर्णय घ्यायचा नाही. कंटाळा हेही मोठं कारण असतं. तेच काम दीड वर्ष करून कंटाळलेल्या संस्थापकाला प्रत्येक नवी कल्पना सुंदर दिसते, कारण तिच्या अडचणी अजून भेटलेल्या नसतात.

पैसा प्रयोगांत मोजा

१४ महिने हा आकडा आधी साफ करा. गेल्या तीन महिन्यांची निव्वळ घट काढा, एकदाच होणारे खर्च वगळा आणि तिच्या सरासरीने शिल्लक भागा. मग शिल्लकेतून दोन गोष्टी वजा करा. ग्राहकांनी आगाऊ भरलेलं वार्षिक शुल्क बँकेत दिसत असलं तरी उत्पादन बंद केलंत तर त्यातला न वापरलेला भाग परत द्यावा लागेल. ते तुमचे पैसे नाहीत. आणि कंपनी बंद करायची वेळ आली तर पगार, नोटिशीचा काळ, पुरवठादारांची बिलं यांसाठी साधारण तीन महिन्यांचा खर्च राखून ठेवा. उरले फार तर ११.

आता एका प्रामाणिक प्रयत्नाला काय लागतं ते मांडा. ग्राहकांशी बोलणं ५ आठवडे, हाताने चालवलेला सशुल्क पायलट (थोड्या ग्राहकांवरची चाचणी) ६ आठवडे, पहिलं वापरण्याजोगं उत्पादन १० आठवडे, लोक टिकतात का हे कळायला १२ आठवडे. झाले ३३ आठवडे, म्हणजे साडेसात महिने. थोडक्यात, तुमच्याकडे एक प्रयत्न आहे आणि वर साडेतीन महिने. नवी गुंतवणूक उभारायला चार ते सहा महिने सहज जातात, म्हणजे तो एक प्रयत्नही पूर्ण पिकण्याआधीच पैशाच्या शोधात निघावं लागेल.

मासिक खर्च ४० टक्क्यांनी कमी केला तर कागदावर १४ चे २३ महिने होतात. जाणाऱ्यांची देणी आणि राखीव रक्कम काढली तरी दोन पूर्ण प्रयत्न बसतात. म्हणून कपात करायचीच असेल तर एकदाच आणि पुरेशी करावी, आणि ती नव्या दिशेच्या आधी. दर दोन महिन्यांनी एकेकाला सोडणाऱ्या कंपनीत उरलेले लोक काम करत नाहीत, नोकरी शोधतात. दुर्दैवाने बहुतेक संस्थापक उलटं करतात: आधी नवी कल्पना, मग तिच्यासाठी आहे ती सगळी टीम ‘लागेलच’ असा हिशोब.

काय सोबत न्यायचं

गाजलेले पिव्होट ऐकताना ते शून्यातून उगवले असं वाटतं. जवळून पाहिलं की प्रत्येकात काहीतरी आधीच चालू होतं. टायनी स्पेक या कंपनीचा ‘ग्लिच’ हा ऑनलाइन खेळ २०११ मध्ये आला आणि २०१२ च्या अखेरीस बंद झाला. त्या टीमने आपापसात बोलायला बनवलेल्या साधनातून स्लॅक हे ऑफिसातल्या संदेशांचं ॲप झालं. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपच्या आधी त्याच मंडळींनी आयपॅडसाठी एक खेळ काढला होता. खेळ पडला, पण खेळता खेळता बोलण्याची गरज त्यांना आतून माहीत होती. ऑनलाइन दुकानं उभारून देणारं शॉपिफाय ऑनलाइन स्नोबोर्ड विकण्यासाठी लिहिलेल्या दुकानाच्या सॉफ्टवेअरमधून आलं. जस्टिन डॉट टीव्ही या साइटवर काहीही थेट दाखवता यायचं. त्यातला व्हिडिओ गेमचा विभाग सगळ्यांत झपाट्याने वाढत होता, तो २०११ मध्ये ट्विच म्हणून वेगळा काढला. बर्बन या चेक-इन ॲपमधलं (आपण कुठे आहोत ते मित्रांना कळवायचं ॲप) फोटो टाकणं तेवढं लोक वापरत होते. बाकी सगळं कापलं आणि २०१० मध्ये इन्स्टाग्राम आलं.

म्हणजे स्लॅक आणि शॉपिफायने सोबत नेलं ते स्वतःच्या गरजेसाठी बनवलेलं आणि रोज वापरात असलेलं साधन. ट्विच आणि इन्स्टाग्रामने नेला तो ग्राहकांच्या वागण्यातला एक स्पष्ट कल. डिस्कॉर्डने नेलं ते ग्राहकाचं ज्ञान. तुमच्या तिसऱ्या कल्पनेला हा प्रश्न विचारा: ग्राहक, अडचण, तंत्र, विक्रीचा मार्ग, कमाईची रीत, या पाचांपैकी किती गोष्टी तशाच राहतात? तीन राहत असतील तर उत्तम. एकही राहत नसेल तर तो पिव्होट नाही. ती नवी कंपनी आहे, फक्त जुन्या भागधारकांच्या यादीसह आणि थकलेल्या टीमसह. तसं करायला मनाई नाही, पण मग नव्या कंपनीला लावाल तेवढेच कडक निकष लावा.

तुमच्याकडे खरोखर काय आहे हे शोधायला दोन ठिकाणं बघा. मदतीसाठी आलेले संदेश: ग्राहक उत्पादन कोणत्या भलत्याच कामासाठी वापरतात ते तिथे कळतं. आणि टीमने अंतर्गत वापरासाठी लिहिलेली छोटी साधनं: त्यांतलं कोणतं काढून घेतलं तर टीममध्येच आरडाओरडा होईल?

बोलणं, पायलट, आणि आधी लिहिलेली रेषा

एकाच प्रकारच्या १५ ते २० जणांशी बोला. पाच शाळा, पाच दुकानं, पाच कारखाने असं मिश्रण केलंत तर कुठलाच धागा दिसणार नाही. भविष्याबद्दल काहीही विचारू नका. ‘असं काही असेल तर वापराल का?’ला सगळे हो म्हणतात. विचारायचं ते असं: मागच्या वेळी हे घडलं तेव्हा काय केलंत? किती वेळ गेला? कोणाचा? आजवर यावर काय काय करून पाहिलं? काहीच करून पाहिलं नसेल तर ती अडचण त्यांना टोचत नाही. मग म्हणा, ‘सध्या कसं करता ते दाखवता का?’ समोरच्याने रंगीबेरंगी रकान्यांची, कोपऱ्यात ‘हे पान पुसू नये’ असं लिहिलेली एक्सेल शीट उघडली, तर तुम्ही योग्य जागी आला आहात. त्या शीटमागे कोणाचे तरी दर आठवड्याचे तास आहेत.

पुढची पायरी सशुल्क पायलट. पाच ग्राहक, सहा आठवडे, ठरलेल्या किमतीच्या निम्मे आगाऊ. पडद्यामागची कामं हातानेच करा: तुम्ही शीट भरा, संदेश तुम्ही पाठवा, अहवाल तुम्ही जोडा. सॉफ्टवेअर लिहायचा मोह इथे आवरला नाही तर वेळापत्रकातले ६ आठवडे १६ होतात. फुकट पायलट मात्र देऊ नका. तो संपतच नाही, आणि संपला तरी काहीच सांगत नाही.

सुरू करण्याआधी थांबण्याची रेषा लिहून, तारीख घालून, टीमबाहेरच्या एका माणसाकडे ठेवा. उदाहरणार्थ: २० पैकी निदान ६ जणांनी न विचारता हीच अडचण सांगितली पाहिजे; १० जणांना प्रस्ताव दिले तर ३ जणांनी आगाऊ पैसे भरले पाहिजेत; सहाव्या आठवड्यात ५ पैकी ३ जण आठवण न करता वापरत असले पाहिजेत. महागड्या, लांबलचक खरेदी होणाऱ्या धंद्यात आकडे वेगळे असतील, आगाऊ पैशांऐवजी सही केलेलं पत्र चालेल. पण आकडे आधी लिहिलेले हवेत. निकाल आल्यावर ठरवलेली रेषा नेहमी निकालाच्या एक बोट खालीच सापडते.

इथे एक फसवा विजय सांगून ठेवतो. एक मोठा ग्राहक येतो, हवे ते बदल करून मागतो आणि चांगले पैसे देतो. सहा महिन्यांत ७० टक्के उत्पन्न त्याच्याकडून येऊ लागतं आणि तुमची टीम त्याचा बाहेरचा आयटी विभाग झालेली असते. पैशाची नड असेल तर असं काम जरूर घ्या, पण त्याचा हिशोब वेगळा ठेवा, एक-दोन माणसंच त्यावर लावा, आणि त्याला नव्या दिशेचा पुरावा म्हणू नका.

जुनं उत्पादन खरोखर बंद करा

‘चालू राहू दे, थोडे पैसे येतात’ हे वाक्य महागात पडतं. सात जणांच्या टीममध्ये जुन्या उत्पादनाच्या तक्रारी, सुरक्षेची अपडेट आणि एखादा चिडलेला ग्राहक मिळून एका माणसाचा वेळ सहज खातात. एकतर ते विका, नाहीतर ६० ते ९० दिवसांची सूचना देऊन बंद करा. सूचनेत चार गोष्टी स्पष्ट हव्यात: शेवटची तारीख, माहिती बाहेर कशी काढायची (पीडीएफ नको, दुसरीकडे आत घेता येईल अशी सीएसव्ही), उरलेल्या काळाचे पैसे कधी परत मिळतील, आणि पर्याय म्हणून दुसरं काय वापरता येईल. ग्लिच बंद करतानाही पैसे भरलेल्या खेळाडूंना परतावा दिला होता. जुने ग्राहक आणि त्यांचे ओळखीचे लोक नव्या धंद्यात पुन्हा भेटतात.

कोड सगळा सोबत नेऊ नका, निवडून न्या. लॉगिन, पैसे घेण्याचा भाग, संदेश पाठवणं, सर्व्हरची मांडणी, हे न्या. धंद्याची रचना दाखवणारे डेटाबेसचे तक्ते टाकून द्या. व्यायामशाळेच्या तक्त्यात ‘सदस्य’ असतो आणि ‘सदस्यत्व संपण्याची तारीख’ हा रकाना सक्तीचा असतो. रुग्णाला असली तारीख नसते, म्हणून कोणीतरी घाईत ३१ डिसेंबर २०९९ भरतं. मग ‘मुदत संपत आलेले’ हा अहवाल कायम रिकामा, ‘सक्रिय’ या अहवालात जन्मात एकदाच आलेला रुग्णही मोजला जातो, आणि वर सांगितलेला कोहॉर्ट तक्ता त्याच आकड्यांवर बांधलेला असतो. अशा खोट्या तारखा डेटाबेसमध्ये शोधा. दोन पिव्होट झालेल्या जवळजवळ प्रत्येक कंपनीत सापडतात.

माणसं, इन्व्हेस्टर आणि हिस्से

पहिल्या वळणाला टीम उत्साहात असते. दुसऱ्यानंतर तिला ‘या वेळी नक्की’ ऐकवू नका. काय चुकलं, कोणता पुरावा पाहिला, थांबण्याची रेषा कुठे आहे आणि पैसे किती महिने पुरतील, हे आकड्यांनी सांगा. नव्या दिशेत ज्यांचं काम उरत नाही त्यांना त्याच आठवड्यात सांगा.

इन्व्हेस्टरना एक पानाचं टिपण पाठवा आणि निर्णय पक्का होण्याआधी पाठवा; करारात कोणत्या बदलाला संमती लागते हे वकिलाकडून बघून घ्या. दिशा पूर्णच वेगळी असेल तर उरलेले पैसे परत करण्याचा पर्यायही मांडता येतो. ॲपलने २००५ मध्ये आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणल्यावर ओडिओ या पॉडकास्ट कंपनीचा पाया हलला. तिच्यातूनच २००६ मध्ये ट्विटर निघालं, आणि त्याच वर्षी ओडिओचे प्रमुख इव्हान विल्यम्स यांनी इन्व्हेस्टरकडचे हिस्से परत विकत घेतले. तेव्हा इन्व्हेस्टरना सुटल्यासारखं वाटलंही असेल. पुढे ट्विटरचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

संस्थापकांच्या हिश्श्यांचं मात्र टाळू नका. प्रचलित रीत म्हणजे चार वर्षांत हिस्सा टप्प्याटप्प्याने पक्का होतो आणि पहिलं वर्ष पूर्ण झाल्याशिवाय काहीच मिळत नाही. तिसऱ्या कल्पनेपर्यंत बहुतेक हिस्सा पक्का झालेला असतो. अशा वेळी निम्मा धनी असलेला सहसंस्थापक नव्या दिशेला कंटाळून निघून गेला, तर न राबणाऱ्या माणसाकडे अर्धी कंपनी राहते आणि पुढचा इन्व्हेस्टर तिथेच थबकतो. दोघांनी राजीखुशीने आपल्या हिश्श्याचा काही भाग, समजा अर्धा, नव्याने तीन वर्षांच्या मुदतीवर लावून घ्यावा. कर्मचाऱ्यांचे शेअर घेण्याचे पर्याय (स्टॉक ऑप्शन) जुन्या, चढ्या मूल्यांकनावर दिलेले असतील तर त्यांची आज काहीच किंमत नाही, आणि हे त्यांनाही कळतं. ते नव्या दराने द्या. कागदपत्रांचं हे काम पायलटच्या सहा आठवड्यांतच उरका. निकाल चांगला आला की सगळ्यांचे आकडे फुगतात आणि वाईट आला की कोणी टेबलाशी बसत नाही.